नाकाची साक्ष

ता. ३ मार्च

प्रिय अक्का,

तुला साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच घालते. तुझे कान कसे आहेत? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. नातवाला वाचायला देऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

घरात वास येतोय, दोन महिने झाले. आधी मोरी घासली, मग फ्रिज रिकामा केला, कपाट सरकवून मेलेला उंदीर शोधला. काही नाही. शेवटी माझ्या लक्षात आलं, वास सूनबाईचा आहे. बायकांचा, खालचा, शिळ्या मासळीसारखा.

माझं नाक तुला माहीत आहे. डेअरीत बत्तीस वर्षं दुधाच्या कॅनची झाकणं उघडून वास घेतला. यंत्राच्या आधी मी सांगायचे, हा कॅन परत पाठवा. एकदाही चुकले नाही.

मी तोंडाने काही बोलले नाही हो! ती चपलांच्या दुकानातल्या कामावरून आली की नुसता नाकाला रुमाल लावायचे. तर पंधरा दिवसांत न्हाणीघरात बादलीमागे एक गुलाबी बाटली आली, तिथे धुण्याची, सुगंधी. आता दिवसातून दोनदा आंघोळ. आतले कपडे वेगळे धुऊन टॉवेलखाली झाकून वाळत घालते. उचलून बघायची मला किळस आली. मनात पाप नाही तर बाटली लपवायची कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय, अक्का. उशीर झाला की दुकानाचा मालक तिला गाडीने सोडतो, एवढं सांगते. बाकी तू समज.

परवा मुलाच्या कानावर घातलं. म्हटलं, बायकोला विचार, बाहेरून काय घेऊन आलीस ते. तेव्हापासून तो हॉलमध्ये झोपतो.

तू माझ्या जुन्या दुखण्याचं विचारलंस. ते तर मी विसरूनसुद्धा गेले.

तुझी,
धाकटी


ता. १६ मार्च

प्रिय अक्का,

साष्टांग. तुझं पत्र पोचलं. धाकटी सून आल्यापासून तुझ्याही घरात तसाच वास सुटलाय, हे वाचून हायसं वाटलं. म्हणजे मला भास होत नाहीत. आजकालच्या मुलीच अशा, दुसरं काय.

सूनबाई माहेरी गेली. भांडली नाही, मुकाट्याने एक बॅग भरली आणि गेली. मी लगेच खिडक्या उघडल्या, फिनेल टाकलं, तिची चादर उकळत्या पाण्यात बुडवली. आज नववा दिवस.

वास आहे.

मला आधी गादीचा संशय आला, ती उन्हात टाकली. मग वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीचा. ती गप्पा मारायला येते, म्हणून ती गेल्यावर खुर्ची हुंगून पाहिली. काल तीच आपली खुर्ची मागे सरकवून बसली आणि चहा अर्धा टाकून उठली. मला बघून नाक मुरडते, मेली!

मला थोडं पांढरं जातं, पण ते वयाचं. गेल्या आठवड्यात जरा लालसर दिसलं. मऊ कापडाची घडी घेते, कोणाला कळत नाही.

बरं, एक विचारते. आपलं अंग बाहेर येत होतं, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी एकाच दिवशी आपल्या दोघींना ते वर धरून ठेवायला आत रबरी रिंग बसवली होती. परत कधी यायला सांगितलं होतं, तुला आठवतं का? सहज विचारतेय.

तुझी,
धाकटी


ता. २९ मार्च

अक्का,

नमस्कार मागाहून. आधी वाच.

सूनबाई रविवारी आली, उरलेले कपडे न्यायला. आल्या आल्या तिने टेबलावर डॉक्टरचा कागद ठेवला. माहेरी तपासून आली होती. तिला वासबीस काही नव्हताच. उलट त्या गुलाबी बाटलीने आग आणि खाज सुटली होती. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, योनी आतून स्वतःला स्वच्छ ठेवते, आत काही घालून धुवायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरे. थोडा वास प्रत्येकीच्या अंगाला असतोच. तो एकदम बदलला, स्राव वाढला, खाज सुटली तर दाखवायला जायचं, सुगंध लावून झाकायचं नाही.

मी म्हटलं, "मग घरात वास कुणाचा येतो?"

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "आई, टॉवेलखाली तुमचे कपडे असायचे. डाग जात नव्हते. तुम्हाला चारचौघांत लाजल्यासारखं होऊ नये, म्हणून झाकत होते."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाकाला रुमाल लावलात, तेव्हा मला वाटलं, माझाही येत असेल."

काखेत कळसा नि गावाला वळसा. मला तोंड वर करवेना.

तीच मला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रिंग काढली. सहा वर्षं, अक्का! दर तीन-चार महिन्यांनी दाखवायची होती. ह्यांचं आजारपण आलं, मग हे गेले, आणि ते राहूनच गेलं. आत जखम झाली आहे. गोळ्या आणि मलम दिलंय, आणखी एक तपासणी व्हायची आहे. मला भीती वाटते.

तिथेही माझी खोड जाईना. मी विचारलं, "बाई, असा वास म्हणजे बाहेरून काही लागलेलं असतं ना?" त्यांनी ट्रेमधली रिंग माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, "तुम्हाला कुठून लागलं?" सूनबाई भिंतीवरचा तक्ता वाचत उभी होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मुलाला तिच्यासमोर सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मालकाच्या गाडीचंही सांगितलं. त्या गाडीत दुकानातल्या आणखी तिघी असतात. ते मला आधीपासून माहीत होतं आणि तुला मी लिहिलं नव्हतं. मुलगा रडला. ती नाही रडली. बॅग उचलून म्हणाली, "औषध संपलं की फोन करा, आई, दाखवायला मी नेईन. राहायला यायचं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही." मुलगा तिला सोडायला गेलाय. घरात मी एकटीच आहे.

आता तुझं. तुझी रिंग माझ्याच दिवसाची आहे, अक्का. धाकट्या सुनेला अजून काही बोलली नसशील, तर बोलू नकोस. बोलून बसली असशील, तर हे पत्र तिच्या हातात दे आणि तिलाच सांग, मला दवाखान्यात घेऊन चल.

बत्तीस वर्षांत एकदाही न चुकलेली आणि आता चुकलेली,
तुझी धाकटी