शोभाचं बोट

बदलापूर, मंगळवार, १२ जुलै १९९४

जेवण गेलं नाही. शोभाचं बोट डोळ्यांसमोरून हलत नाही.

पहिलीच्या शिक्षकांना वाचन शिकवायचं प्रशिक्षण सरकारी पैशातून यंदा पहिल्यांदाच मिळालं. अंबरनाथला पाच दिवस होतं, काल संपलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "धडा सुरुवातीपासून वाचायला लावू नका. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा." उल्हासनगरच्या शाळेत अकरा वर्षं मी काय करतेय? मी ओळ म्हणायची, वर्गाने मागून म्हणायची. ज्याचं बोट ओळीखालून सरकतं, त्याला वाचता येतं. एवढंच माझं मोजमाप.

शोभा पहिलीत माझ्या वर्गातली हुशार मुलगी. साहेब तपासणीला आले की मी तिलाच उभी करायची. आता ती चौथीत आहे. आज मधल्या सुट्टीत तिला बोलावलं, पहिलीचंच पुस्तक उघडलं आणि मधल्या ओळीतल्या एका शब्दावर तिचं बोट ठेवलं.

ती हळूच म्हणाली, "बाई, पहिल्यापासून म्हणू का?"

म्हण, म्हटलं. सगळा धडा म्हणाली, एकही चूक नाही. धडा संपला तरी बोट तिथेच, मधल्या ओळीवर.

हे प्रशिक्षण तीन वर्षं आधी मिळालं असतं तर? सरकारला बोल लावून झोप येईल का मला?

आणि आजही, सवयीने, माझ्या तोंडून शाब्बास निघालं. ती खूश होऊन वर्गात पळाली.