सावत्र आईचे बूट

३ तारीख, सोमवार
लागले बाई कामाला, सिनेमाच्या कपडेपटात. खिडकीशी इस्त्रीचं टेबल, भिंतीभर खुंट्या, अन् खुंट्यांवर अख्खं राजघराणं लटकलेलं. गोष्ट जुनीच, सावत्र पोर, आरसा, विषारी फळ. पण आता ती हसवायची. सावत्र आई झालेत खुद्द डायरेक्टरसाहेब, मिशी काढून. म्हटलं, साहेब, झगा माझ्यापेक्षा तुम्हालाच शोभतो. सगळे हसले, तेही हसले. मला ओळखलं नाही. बरंच झालं.

माझं काम म्हणजे नवे बूट दिवसभर घालून मऊ करायचे, नटांच्या पायाला फोड नकोत म्हणून. कपडेपटाचे मास्तर माझे पाय बघून म्हणाले, हे तर गड्याचे पाय. आमचे हेही तेच म्हणायचे. साहेबांचं अन् माझं माप एकच निघालं.

५ तारीख, बुधवार
गोष्टीच्या शेवटी सावत्र आईला तापलेले लोखंडी बूट घालून मरेस्तोवर नाचवतात. इथे त्याचं गमतीचं गाणं केलंय. बूट चामड्याचेच, वरून लोखंडाचा रंग. ते घालून मी इस्त्री करते, अन् कोणी नसलं की त्यांच्याशी बोलते. आज सांगितलं त्यांना. आमचे हे याच साहेबांच्या मागच्या सिनेमात दिवे बांधायचे. वर चढले, तर साहेबांनी कमरेचा दोर सोडायला लावला, चित्रात दिसतो म्हणून. पडले, जागीच गेले, तर साहेब म्हणाले, प्यालेला होता. अहो, हे खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घ्यायचे.

बुटांना म्हटलं, नाचवा रे बाबांनो. पडेपर्यंत नाचवा. गंमत आपली. म्हणजे, निम्मी गंमत.

८ तारीख, शनिवार
बूट उबदार लागतात. काढून ठेवले तरी आत ऊब, कुणी आत्ताच पाय काढल्यासारखी. मास्तरांना सांगितलं. ते तर मी तोंड उघडायच्या आधीच हसतात. म्हणाले, चामडं आता तुझ्या पायाचं झालं, तुझंच ऐकणार. म्हटलं, घरात कोणी ऐकलं नाही, बूट तरी ऐकोत.

११ तारीख, मंगळवार
गाणं झालं. साहेब नाचले, सगळे पोट धरून हसले. गाणं थांबलं तरी साहेब थांबेनात. काढा, भाजतंय, म्हणून ओरडत होते. लोक म्हणाले, काय काम करतोय माणूस. कोणी हललं नाही. मी सगळ्यात पुढे होते. नाचत जवळ आले, तेव्हा हळूच सांगितलं, मी कोणाची बायको ते.

मग पडले. उठले नाहीत.

खोटं कशाला लिहू, गोड वाटलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तळव्यांवर साधा फोडही नाही म्हणे.

१२ तारीख
बूट खुंटीला टांगले होते. सकाळी इस्त्रीच्या टेबलाखाली, मी उभी राहते तिथे. टाचा जुळवून. पेटीत घातले, कुलूप लावलं.

१३ तारीख
पेटीत ठेका धरलाय. तोच, गाण्याचा. सांगितलं, झालं रे तुमचं काम, आता गप बसा. ऐकत नाहीत. साहेबांनी एकदाच घातले, मी रोज. त्यांना पाय ठाऊक आहेत ते माझेच —

१४ तारीख
पायात आहेत. मी घातले नाहीत. कुलूप तसंच —
टेबल धरलंय, तरी पाय —
भाजतंय. मास्तर दारात आलेत. म्हटलं, ओढा हो, मास्तर, काढा. हसतायत. साहेबांची नक्कल झकास करतेस म्हणे. सगळ्यांना हाका मारतायत, या, बघायला या —
गंमत नाही हो मास्तर, खरंच, या वेळी —
टाळ्या