अंगकोरच्या भिंतीतला चौथा ठोका

केदारखेडा, ता. भोकरदन
एप्रिल १९७०

धाकटी बहीण कांताबाई हिला गिरिजाबाईचा मनापासून जय भीम.

तुला एक थोरली बहीण आहे, ती केदारखेड्याला राहते, तिचं नाव गिरिजा. एवढं आठवलं असेल तर पुढचं वाचून घे. नसेल आठवत तरी वाचून घे, एखाद्या परक्या बाईची हकीकत म्हणून. फाल्गुनात एक आणि चैत्रात एक अशी दोन पत्रं शहागडला धाडली, तुझं उत्तर एकाचंही न्हाई. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का? इकडं आम्ही बरे आहोत. मी सांगते ते माझी सून बेबीनंदा लिहून राह्यली, आणि आत्याबाई दमानं सांगा म्हणून मला टोकून राह्यली.

पौषात मी कंबोडियाला जाऊन आले, ते तुझ्या कानावर आलंच असेल. माझ्या तातेरावला तिथल्या विहाराचं बोलावणं आल्तं. तिथले एक भन्तेजी औरंगाबादला शिकायला होते, त्यांनी इकडचे बाराजण बोलावले आणि तातेराव मास्तरांनी तेरावी म्हणून आईला घेतलं. (बायकोला न्हाई घेतलं. हे वाक्य लिहिताना बेबीनंदाची लेखणी कागदात रुतली.) विमानाचं काय सांगू, भोकरदनच्या एस.टी.पेक्षा कमी हादरतं. देश बराबर आपल्यासारखा: म्हशी, चिखल, सावळी हसरी माणसं. फक्त भाकरी न्हाई, तिन्ही त्रिकाळ भात. पण ख्मेर राजांनी रानात बांधलेल्या त्या दगडी गावात शिरलं, की आपल्यासारखं काहीच राहत न्हाई. तिथं रातकिडे भर दुपारी ओरडतात, आणि आपण उंबऱ्यात पाय टाकला की एकदम गप्प होतात, जसं काही आपल्याबद्दलच बोलणं चालू होतं. झाडांची मुळं भिंतीवरून खाली उतरलेली, दारांच्या चौकटी मुठीत धरून बसलेली. आणि तोंडं! घराएवढाली दगडी तोंडं, चारी दिशांना, डोळे मिटलेले आणि ओठ हसणारे. मी मोजायला लागले. दोन विसा झाल्यावर मागं वळून पाहिलं, तर मोजलेलं एकही तोंड ओळखू येईना. एकाचं हसू मात्र थेट आपल्या आत्याचं. कुणाच्या मयतीला गेली की ती पदराआड हसायची, ते. (का हसायची, ते मला आजवर कळलं न्हाई.)

आता खरी फजिती ऐक. अंगकोरच्या मोठ्या देवळात आपल्या बुद्धाच्या खूप मूर्ती आहेत, बऱ्याच बिनडोक्याच्या. तातेराव एकेकीची माहिती वहीत उतरवत बसला आणि मी पुढं गेले. एक अरुंद, उंच, गार खोली लागली. आत वटवाघळांचा वास. तीन बाया भिंतीला पाठ लावून उभ्या, आणि मुठीनं ऊर बडवून राह्यल्या. शेजारी पांढऱ्या कपड्यांतली, डोई भादरलेली एक म्हातारी बसलेली. मी मनात म्हटलं, कुणीतरी गेलं. आता तूच सांग, दुःखाच्या घरावरून आपण कधी तशाच पुढं गेलो का? मी भिंतीला टेकून बसले, पदर तोंडाला लावला आणि हेल काढला, शहागडला तुझ्या सासूसाठी काढल्ता तसाच. पण हेल काढायचा तर नाव लागतं. गेलेल्याचं नाव मला ठाऊक न्हाई. आपल्या मायचं घ्यावं म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "माझ्या कांते गं!"

हेल त्या खोलीत घुमलाच न्हाई. तोंडातून निघाला आणि दगडानं गिळला. मंग मी तीन वेळा ऊर बडवला, आणि भिंतीतून ढोलासारखे ठोके आले. तीन न्हाई. चार. चौथा मी मारला न्हाई, त्या बायांनीही न्हाई. त्या हात खाली सोडून माझ्याकडं पाहत होत्या.

तातेराव धावत आला. त्यानं कुणालातरी विचारलं, तर तिथं कुणी मेलेलंच न्हाई! त्या भिंतीपाशी टाळी वाजवा, ओरडा, काही घुमत न्हाई. फक्त छातीचा ठोका घुमतो. अंगातली पीडा जावी म्हणून लोक हौसेनं ठोकतात. मी लाजेनं अर्धी झाले. चौथा ठोका म्हणजे नुसता घुमारा, असं तातेराव म्हणतो. असेल. पण घुमारा दिलेलं परत देतो, वर एक जास्तीचा घालत न्हाई. जित्या माणसाच्या नावानं ऊर बडवल्यानं काही होतं, असं बुद्धानं कुठं सांगितलंय, असंही विचारतो. न्हाई सांगितलं. पण बुद्धाला शहागडला बहीण नव्हती.

निघताना त्या म्हातारीनं माझ्या मनगटावर लाल धागा बांधला. मंग तसाच दुसरा काढला, माझ्या पदराच्या गाठीत घातला, आणि भिंतीकडं पाहत राह्यली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आता रेडिओवर सांगतात की त्या देशात गडबड सुरू झाली. ती अजून तिथंच बसली असेल का, हे कुणाला विचारावं?

बाकी सगळं क्षेम. लेकरांना आशीर्वाद.

तुझी,
गिरिजाबाई

ता. क. वरचं सगळं गमतीनं सांगितलं. भिऊ नकोस. दुसरा धागा पाकिटात घातलाय, डाव्या हाताला बांध.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करता करता तुझ्या कडूबाचं कार्ड आलं: "आई बरी आहे." दाजी दवाखान्यात होते तेव्हाही तो "बाबा बरे आहेत" असंच लिहायचा. शेवटचं कार्ड आम्हाला माती देऊन आल्यावर मिळालं. मी स्वतः यावं, तर विमानानं समुद्र ओलांडलेली बाई अंबडच्या पुढं शहागडला यायला भिते. तुझ्या दारात कुणी बसलेलं दिसलं तर काय करू?

ता. क. तिसरा. पत्राचं उत्तर बिलकुल नको. पत्र कुणीही लिहितं. बेबीनंदा तर आता इतकी तयार झाली, की उद्या मी नसले तरी माझ्यासारखीच लिहील. तू मुगाच्या डाळीचे सांडगे धाड. तुझ्या अंगठ्यावर विळ्याची आडवी खूण आहे, ती तुझ्या सांडग्यावर उमटते. तुझ्या सुनेला ती जमायची न्हाई. मागच्या सालचे डब्यातले नकोत, यंदाच्या उन्हातले धाड. मूठभर पुरेत. वाळायची वाट पाहू नकोस. ओलेच फडक्यात बांध आणि जल्दी एस.टी.च्या कंडक्टरजवळ दे. इथं मी वाळवीन.