कडी बाहेरून लागली तेव्हा

लिहून ठेवणार : सावित्रम्मा रुद्रप्पा हत्तुरे, वय एकाहत्तर, धंदा कडक भाकरी व शेंगाचटणी, राहणार सोलापूर.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यासाठी माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. जबरदस्ती झाली ती दुसऱ्या कागदासाठी, आणि तिच्यामुळेच हे लिहावे लागले.

१. माझे यजमान वारले. मूलबाळ नाही. राहते घर मी भाकऱ्या विकून स्वतःच्या नावावर घेतले. काही न लिहिता मी गेले, तर ते यजमानांचा पुतण्या भीमाशंकर महेश्वर हत्तुरे याला मिळेल, असे वकीलसाहेब सांगतात. भीमाशंकरला हे आधीच ठाऊक होते. पण त्याला थांबायचे नव्हते.

२. गेल्या महिन्यात भरदुपारी तो बक्षीसपत्र घेऊन आला. "सही कर की काकू. तुला आता कशाला लागतंय घर?" मी नाही म्हणाले. त्याने माझा फोन काढून घेतला, मला भाकरीच्या खोलीत ढकलले आणि बाहेरून कडी घातली. "सही करते म्हनलीस की उघडतो. न्हाईतर ऱ्हा तितंच. म्हातारं मानूस, कोन इचारतंय?" मग त्याची मोटारसायकल गेल्याचा आवाज आला.

त्या खोलीला खिडकी नाही. चुलींची धग निवली नव्हती. साखरेच्या आजाराच्या गोळ्या बाहेर राहिल्या होत्या. ओरडून घसा बसला. गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेतले, पण रोजचा एकही मंत्र आठवेना. देवावर भार टाकला की भीती जाते, असे मी जन्मभर लोकांना सांगत आले. माझी गेली नाही. "सिद्धरामा, धाव, मला हितं मरू देऊ नको," एवढेच लहान पोरीसारखे म्हणत राहिले.

३. आमच्याकडे पाणी किती वाजता येईल याचा नेम नसतो, म्हणून अंगणातली तोटी उघडीच असते. त्या दुपारी पाणी आले, हौद भरून वाहिला आणि शेजारच्या नाजनीन बागवानच्या उंबऱ्यात शिरला. सांडपाण्याच्या भांडणापासून आम्ही बोलत नव्हतो. ती तणतणत आली. "ओ सावित्रम्मा, नळ बंद करा की! लई झालं आता!" मी दारावर उलथने आपटले. तिने कडी काढली आणि मला बघितले. "या अल्ला, कुनी कोंडलं तुमाला?" मला धरून तिनेच रिक्षात घातले आणि दवाखान्यात नेले.

पाण्याची पाळी होती म्हणून पाणी आले, असे कोणी म्हणेल. मी हाक मारली होती, एवढे मला ठाऊक आहे.

४. पोलिसांत तक्रार दिली. तो जामिनावर सुटला आहे. कोपऱ्यावर येऊन उभा राहतो. नुसता बघतो.

५. घर, तवे, काटवटी व उखळ अंकिता जोतिराम माने हिला द्यावे. नवऱ्याने टाकल्यापासून ती माझ्याकडे भाकऱ्या थापते. चटणी कुटताना घाई करते, ती करू नये.

६. भीमाशंकरला काही नाही. तापात त्याला मांडीवर घेऊन मी रात्री काढल्या आहेत. त्याचे वाईट व्हावे असे आजही वाटत नाही. पण मी अचानक गेले, तर शवविच्छेदनाशिवाय मला पुरू नये.

७. नाजनीनला काही द्यायचे मनात होते. ज्याला मिळणार त्याने मृत्युपत्रावर साक्षीची सही करू नये, असे वकीलसाहेब म्हणाले. ती म्हणाली, "मला काय बी नको. सही कुटं करू, सांगा."

८. याची एक प्रत आजच भीमाशंकरला पोचेल. माझ्या मरणात त्याचा फायदा उरला नाही, हे त्याला कळावे. वाचून तो काय करील, या विचाराने कालपासून दिवसासुद्धा दाराला आतून कडी घालते. अंकिता आजपासून माझ्याकडे राहायला येत आहे. बाकी सिद्धरामावर.

सही करताना हात कापतो आहे. बँकेतल्या सहीशी ही जुळली नाही, तर ते भीतीमुळे, असे समजावे. सही माझीच आहे.

सावित्रम्मा रुद्रप्पा हत्तुरे

आमच्यासमोर सही केली म्हणून साक्षी :
१) नाजनीन करीम बागवान
२) युवराज आप्पा गायकवाड, वकील

सोलापूर, दि. १४ जुलै २०२५