चकचकीत बाजू आत

४ नोव्हेंबर, रविवार
आजपासून आयुष्याला वळण. फॉइलचा मोठा रोल आणला, हॉटेलवाले वापरतात तसला. आठवड्याचा सगळा स्वयंपाक एकदाच करायचा, पुड्या बांधायच्या, फ्रिजमध्ये टाकायच्या. दिवसभर गोदामात खोकी उचलून आल्यावर रोज कांदा कोण चिरणार? खोलीत आम्ही तिघं. मी, वेल्डरकाका आणि ड्रायव्हर. स्वयंपाकाला पाळ्या आहेत. मी दोघांना सांगून टाकलं, आता पाळ्या बंद, सगळं माझ्याकडे. ड्रायव्हर म्हणाला, लेका, बरं वाटत नाही का तुला?

त्याच दिवशी, संध्याकाळ
कंबर गेली. भात, बटाटे, शेंगा आणि टोमॅटो घातलेलं चिकन. गरमागरमच बांधून टाकलं, वाट बघायला जीव नव्हता. काका म्हणाले, अरे निवू दे आधी, आत घाम धरेल. काका माणूस चांगला, पण जुना. मी चकचकीत बाजू आत ठेवली आहे. त्याने अन्न टिकतं. कुठे ऐकलं आठवत नाही, पण ऐकलं आहे.

५ नोव्हेंबर, सोमवार
फ्रिज उघडला की डोळे दिपतात. दागिन्यांचं दुकान वाटतं. एक बारीक अडचण: सगळ्या पुड्या सारख्याच दिसतात. भात शोधायला पाच सोडल्या. काका म्हणाले, वर नाव-तारीख लिही. मी म्हटलं, शाळा सोडली ती लिहायचं नाही म्हणूनच. हात लावला की मला कळतं आत काय आहे. (आज कळलं नाही. हात थकलेले होते.)

७ नोव्हेंबर, बुधवार
ड्रायव्हरने पुडी तशीच मायक्रोवेव्हमध्ये घातली. आत ठिणग्या. घरमालकीण खालून ओरडत आली. ड्रायव्हर म्हणतो, तू सांगितलं नाहीस. आता प्रत्येक गोष्ट काय सांगायची? स्वतः एवढा मोठा ट्रक चालवतो. मायक्रोवेव्ह वाचला. ड्रायव्हर माझ्याशी बोलत नाही, म्हणजे शांतता. बटाटे चिकट लागले. बटाट्यांचा दोष.

८ नोव्हेंबर, गुरुवार
चिकनच्या पुडीला भोकं पडली. टाचणीने टोचावी तशी बारीक, भोवती काळे डाग. रस्सा गळून फ्रिजच्या तळाला. काका म्हणाले, आंबट पदार्थ फॉइल खातो, त्याला झाकणाचा डबा लागतो. म्हटलं, काका, माल डिफेक्टिव्ह असणार. पुढच्या वेळी डबल गुंडाळायचं. फ्रिज पुसला. पुसता पुसता तिथेच जमिनीवर बसून डोळा लागला.

१० नोव्हेंबर, शनिवार
देव आहे. गोदामाच्या कँटीनमधल्या मावशीचा हेल्पर सोडून गेला. मी रूमवर सगळ्यांचं जेवण सांभाळतो हे तिच्या कानावर गेलंय. (मीच घातलं.) सोमवारी ट्रायल. आतलं काम, ऊन नाही, खोकी नाहीत, बसायला स्टूल आहे. मी बघून आलो, पाठ टेकायला भिंत पण आहे. माझ्या पाठीचं आता काही खरं नाही, हे काम मिळालंच पाहिजे.
आईला फोन केला. सांगितलं, कँटीन आता माझ्याकडेच आहे. ती म्हणाली, मग वेळेवर जेवशील तरी. उगाच रडायला लागली. बायकांचं असंच.

१२ नोव्हेंबर, सोमवार
ट्रायल फर्स्ट क्लास. कांदे चिरले, भांडी घासली. मावशी म्हणाली, स्वयंपाक मला येतो रे बाबा, हेल्पर लागतो तो उरलेलं नीट ठेवायला. टोमॅटोची डाळ पातेलंभर उरली होती, उद्या दुपारी पहिल्या पंगतीला तीच वाढायची. तिला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. जाताना तीनदा सांगून गेली, पसरट ट्रेमध्ये ओत, वाफ गेली की झाकणं लाव, फ्रिजमध्ये ठेव, मगच घरी जा.
ट्रे कोण घासणार? आणि माझी मेथड दाखवायची हीच तर वेळ. डाळ उकळती असतानाच पातेल्यावर तीन थर फॉइल. पातेलं फ्रिजमध्ये मावेना. ओट्यावरच ठेवलं. एवढं पॅक केल्यावर जंतू येणार कुठून, खिडकीतून? निघताना मागे वळून पाहिलं. काय देखणं दिसत होतं.

१३ नोव्हेंबर, मंगळवार
पाय ओढत गेलो. मावशी आधीच आली होती. फॉइलचं तोंड फुगून वर आलेलं. मधोमध भोकं, भोकांतून डाळ बुडबुडत होती. मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, इकडे ये, वास घे. घेतला. म्हणाली, हे मी वाढलं असतं तर संध्याकाळी अर्धं गोदाम दवाखान्यात. मी म्हटलं, मावशी, परत उकळून बघू का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पातेल्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून मोरीत ओतलं. फार वेळ लागला.
दुपारी लोकांना ब्रेड आणि उकडलेली अंडी. रांगेतून विचारत होते, आज कुणाचं सुतक आहे का?
खरं म्हणजे हवा गरम होती. आणि फ्रिज लहान आहे. हे मावशीला शांतपणे समजावून सांगायचं ठरवलं आहे.

१४ नोव्हेंबर, बुधवार
मावशीने बोलूच दिलं नाही. हेल्पर म्हणून गेटवरच्या वॉचमनचा मेहुणा लागला. तो ट्रे घासतो, एवढीच त्याची हुशारी. मी परत खोक्यांवर. सगळे मला चांदीवाला म्हणतात. मुकादम म्हणाला, चांदीवाले, हे खोकं उचला, की गुंडाळून देऊ? हसलो. हसताना कंबरेत कळ आली.
संध्याकाळी ड्रायव्हर आठवड्यानंतर बोलला. म्हणाला, पाळी उद्यापासून परत सुरू. काकांनी माझ्या ताटात त्यांच्यातलं अंडं सरकवलं.

१८ नोव्हेंबर, रविवार
रोल अर्धा उरलाय. टाकवत नाही. सकाळचं ऊन काकांच्या डोळ्यांवर येतं म्हणून खिडकीला चिकटवला. काका झोपेतून म्हणाले, आता उपयोग झाला बघ. मी चकचकीत बाजू बाहेर ठेवली. विचार करून.
आईचा फोन आला. कँटीन कसं चाललंय? म्हटलं, चाललंय. (चाललंयच की. मावशी चालवतेय.) खरं सांगायचं होतं, जमलं नाही. भलतंच विचारलं, आई, उरलेलं अन्न तू कशात ठेवायचीस गं? मला आठवतच नाही. ती हसली. म्हणाली, उरायचं कुठे रे? तू होतास ना.
म्हटलं, आणि आता?
म्हणाली, आता उरतं. अजून हात तेवढेच तांदूळ घेतो.
मग फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम असणार. परत लावला नाही, माझीच पाळी होती.
बटाटे चिरले. तिघांपुरतेच.