घंटेआधीचा तास

नाना, गेल्या आठवड्यात बाड्याच्या चौकाजवळच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका घरी आली होती. आपल्यातलीच, पण बोलता बोलता हिंदीत शिरणारी. म्हणाली, "काकू, सोमवारी आधा घंटा याल का? मुलांना सगळ्या धर्मांचं थोडा-थोडा सांगायचंय. तुमचे वडील हेच शिकवायचे ना?" मी हो म्हणून बसले. ती गेल्यापासून मात्र मला हे उमगत नाही की तुम्ही नक्की काय शिकवत होतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आत्ता पहिल्यांदा कुणी तरी विचारलं.

दरबारच्या दिवसांत आमच्या मुलींच्या शाळेत धर्माचा तास होता. आम्ही तुमच्या समोर सतरंजीवर बसायचो आणि पलीकडच्या ओसरीत मौलवीसाहेब मुसलमान मुलींना शिकवायचे. संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, आणि एक दिवस मोठ्या बाईंनी तुम्हा दोघांना बोलावून सांगितलं की हा तास आता वेळापत्रकात राहणार नाही. ज्यांच्या घरून परवानगी येईल त्यांच्यासाठी घंटेआधी चालवा, पगार त्याचा मिळणार नाही. तुम्हाला गणिताचे वर्ग दिले. घरी येऊन तुम्ही पगडी खुंटीला लावलीत आणि आईला म्हणालात, "उद्यापासून डबा लवकर लागेल." बास, एवढंच.

सकाळी इतक्या लवकर कोण येणार? आमच्याकडे मी धरून पाच-सहा मुली. ओसरीत त्याहून कमी, आणि त्यातल्याही एकेकीचं घर शहर सोडून गेलं. शेवटी एकच उरली. तिचे अब्बा पडावाला, स्टेशनापाशी, टांगा चालवायचे. पहिल्या गाडीच्या सवाऱ्या घ्यायच्या म्हणून ते तिला उजाडताच शाळेत सोडून जात. मग राजधानी भोपाळला गेली, मौलवीसाहेबांच्या मुलाची कचेरी तिकडे हलली आणि त्याच्याबरोबर तेही निघाले. जायच्या आदल्या दिवशी ते तुमच्याशी ओसरीत उभे राहून बोलत होते ते मी ऐकलं आहे. "पंडितजी, बस सुन लिया कीजिए. जहाँ भूलेगी, खुद रुक जाएगी."

दुसऱ्या दिवशी तुम्ही सतरंजी उचलून ओसरीत नेलीत. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ती. आमचं स्तोत्र झालं की तुम्ही तिच्याकडे वळायचात आणि ती डोक्यावर ओढणी घेऊन कुराणातल्या आयती म्हणायची. तुम्हाला उर्दू येत होतं, अरबी नाही. तरी तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, अगदी माझं ऐकायचात तसंच. समाजातली वडीलधारी मंडळी घरी आली. आपल्या घराण्यात पूजा-अर्चा चालत आलेली, आणि तुम्ही हे काय चालवलंय म्हणून. तुम्ही म्हणालात, "मी शिकवत नाही. तिचा तास आहे, तो रिकामा कसा ठेवू?" ती मंडळी गेल्यावर आईनं तेच विचारलं. तुम्ही गणिताच्या वह्या तपासायला घेतल्यात.

इथपर्यंत मला सगळं समजतं. पुढचं समजत नाही. त्या ईदेला टांगा आपल्या दारात थांबला. ती नवा कुर्ता घालून उतरली, हातात झाकलेला कटोरा. तुम्ही बाहेर गेलात, कटोरा दोन्ही हातांनी घेतलात, तिच्या अब्बांना ओट्यावर बसवून घोड्याच्या दुखऱ्या पायाबद्दल कितीतरी वेळ बोललात. पण आत या म्हणाला नाहीत. टांगा वळला तसा कटोरा माझ्या हातात देऊन म्हणालात, "गाईला घाल." मी मागच्या दारी गेले आणि एक बोट शेवयांत घालून चाटलं. मागे वळते तर तुम्ही उभे. रागावला नाहीत. मोरीकडे बोट दाखवलंत. "चूळ भर." मी भरली. तुम्ही तिथेच थांबलात, नीट भरते की नाही ते बघत.

दुसऱ्या सकाळी तिनं ओढणी सारखी केली, आणि म्हणायला सुरुवात करण्याआधी विचारलं, "पंडितजी, मीठा ज़्यादा तो नहीं था?"

"नहीं बेटी. बिलकुल ठीक था."

मी तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. तिच्यानंतर आम्ही एकेकीनं श्लोक म्हणायचो. माझी पाळी आली तेव्हा मला तोंडपाठ ओळ आठवेना. घरी येताना बाड्याच्या गर्दीत मी विचारलं, "नाना, तुम्ही खोटं का बोललात?" तुम्ही हात धरून मला गर्दीतून पलीकडे नेलंत. मग म्हणालात, "ते खोटं नव्हतं."

म्हणजे काय, नाना? मी मागच्या दारी जाण्याआधी तुम्हीही चाखलं होतंत? आणि मग मला चूळ भरायला लावलीत? की तिला बरं वाटेल ते तुमच्या लेखी खरंच होतं? मी शिक्षिका झाले, निवृत्त झाले, तुमच्या शेवटच्या आजारात रोज उशाशी बसले. हे विचारायचं तेवढं राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात ती मावशीकडे आग्र्याला गेली ती परत आली नाही, आणि तुम्ही मोठ्या बाईंना सांगून आमचाही तास बंद केलात. समाजातले लोक पुन्हा आले. तुम्ही म्हणालात, एकाच बाजूचा मला नाही चालवता येणार. त्यानंतर तुम्ही फक्त गणित शिकवलंत. घरात मात्र सोवळं तसंच, पाणी वेगळं तसंच. कुठले नाना खरे धरायचे?

परवा सोमवारी गेले मी. त्या शिक्षिकेनं तुमच्याबद्दल सांगून माझी ओळख करून दिली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "दादी, आपके पापा कौन-सा धर्म पढ़ाते थे?" मी म्हटलं, "दोनों." ती म्हणाली, "दोनों कैसे?"

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात घंटा झाली. मुलं पळाली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.