आयर्लंडसाठी घेतलेला स्वेटर

गुरुवार, १३ फेब्रुवारी
स्वेटर घेतला. बाटलीहिरवा, जाड लोकरीचा. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. बघू दे.
शनिवार-रविवार वाडीत कवितामहोत्सव. आयर्लंडची कवयित्री मेव्ह येतेय. तिच्या खेड्यातही ऑगस्टमध्ये असाच महोत्सव भरतो, त्यासाठी आमच्यातल्या एकाला ती निवडणार. एकाला! इथे कवी आहे कोण? मला कॉन्व्हेंटमध्ये आयरिश सिस्टर्सनी शिकवलं. सिस्टर बर्नाडेट तिकडच्या धुक्याबद्दल बोलताना खिडकीबाहेर बघायच्या आणि आम्ही मुली ताडांमध्ये धुकं शोधायचो. मी अजून शोधते.
निर्णय: माझी इंग्रजी कविता ‘मिस्ट’ वाचायची. इतरांशी नम्र राहायचं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
आयोजक फ्रेडरिकचा फोन. रविवारी माझ्याआधी वाचणारी आजारी पडली, कोणी सुचवता का? कार्मिनमावशीचं नाव दिलं. आईची धाकटी बहीण. पाचूबंदरला मासळी विकते, वय अठ्ठ्याहत्तर. लग्नात विहिरीवरून उंबराचं पाणी आणताना बायका गातात ती गाणी तिला येतात. तिच्यामागून ‘मिस्ट’ किती उठून दिसेल!
मावशीला वाटलं, मी मायेनं केलं. थोडं तसंही आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी. दुपार
फ्रेडरिकची कविता केळीवर. गेल्या वर्षीही केळीच. बोळिंजच्या रीमाची ब्रेकअपवर, मोबाइलमधून. मध्येच कुरियरवाल्याचा फोन आला. टाळ्या त्यालाच.
मेव्हशेजारची खुर्ची धरली. म्हटलं, तुमचं धुकं माझ्या रक्तात आहे. ती म्हणाली, आमच्या गावात मुख्यतः चिखल आणि शेणाचा वास. केवढा विनय!
नम्रतेचा निर्णय रद्द. या लोकांना कळत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी. संध्याकाळ
मावशी तिसऱ्या कडव्यात अडली. सरळ माइकमधून मला विचारलं, “फुडं काय गो बाय?” आणि कसं कोण जाणे, बसल्या जागेवरून मी पुढची ओळ गायले. आवाज आईचा निघाला. मग अख्खा मांडव गाऊ लागला, केळीवालासुद्धा.
मेव्हनं डोळे पुसले. विचारलं, तू या बोलीत लिहितेस? मी हसले. म्हटलं, छे, ही कविता नव्हे, पाणी भरायची गाणी. ती म्हणाली, तिची आजी आयरिश बोलायची, आईला शाळेत त्या भाषेची लाज वाटायला शिकवलं, आता चाळिशीत मेव्ह स्वतः तिची मुळाक्षरं गिरवतेय. मी सहानुभूती दाखवली. विषय ‘मिस्ट’पासून भरकटत होता.
‘मिस्ट’ वाचली. दुसऱ्या कडव्याला चहा आला. मेव्ह मावशीकडून गाण्याचा ठेका शिकत होती. एकाग्रतेनं ऐकायची तिकडची रीत असावी.
स्वेटर बॅगेत भरला.

सोमवार, १७ फेब्रुवारी
सकाळी फ्रेडरिकचा फोन. निवड: मावशी.
नक्कीच घोटाळा. मेव्हला ईमेल लिहायला बसले, तोच मावशी दारात, ताजे बोंबील घेऊन. एव्हरशाईन सोसायटीतल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी धापा टाकत आली होती. पासपोर्टचा फॉर्म भरून दे म्हणाली. भरला.
उघड्या बॅगेत तिला स्वेटर दिसला. हात फिरवत राहिली.
“मी जानार ते तुला आदीच म्हायती होतं? म्हनून सोटर आनून ठेवला ना गो?”
हो म्हटलं.
तिनं तिथेच घातला. बाह्या लांब होत्या. दुमडून दिल्या.